जुना ट्रॅक्टर काढायचा की ठेवायचा? या चुका टाळा

पंचवीस-तीस वर्षं वापरलेला ट्रॅक्टर काढायचा निर्णय बहुतेक घरांत नेमका चुकीच्या दिवशी होतो. ऐन पेरणीत गाडी बांधावर उभी, मिस्त्री फोन उचलत नाही आणि शोरूमचा माणूस मात्र तासाभरात दारात हजर. त्या घाईत केलेला व्यवहार सहसा अंगलट येतो. तेवढ्या दिवसांपुरता भाड्याचा ट्रॅक्टर लावा, पेरणी उरकून घ्या आणि हिशेब निवांत मांडा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या ट्रॅक्टरची पारख लोक इंजिनवरून करतात आणि तिथंच गफलत होते. इंजिनचं काम निघालं तरी ते करून घेता येतं आणि त्याचा खर्च आधी कळतो. ट्रॅक्टर ठेवायचा की काढायचा हे ठरवतात मागची बाजू (म्हणजे गिअरबॉक्स, क्राउन आणि लिफ्ट), स्पेअरची सोय आणि तुमच्याकडचं काम.

धूर बघून घाबरणं

काळा धूर दिसला की ‘इंजिन गेलं’ म्हणायची पद्धत आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी ऑईल बाथ एअर क्लीनर, म्हणजे तळाच्या ऑईलमध्ये हवेतली धूळ अडवणारा फिल्टर, उघडा. मळणीच्या हंगामानंतर त्यात ऑईलऐवजी चिखलच सापडतो. मग डिझेल फवारणारे नोझल तपासून घ्या. ट्रॉली ओढण्यासाठी कोणी डिझेल पंप ‘वाढवून’, म्हणजे जास्त डिझेल सोडेल असा करून ठेवलाय का, हेही विचारा. उसाच्या पट्ट्यात हे सर्रास चालतं आणि गाडी विकणारा ते सांगत नाही.

थंडीत सुरू करताना मिनिटभर पांढरा धूर आला तर काळजी नको. गरम झाल्यावरही तो थांबत नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) आणि नोझल बघा. सतत निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. अशा वेळी इंजिन गरम असताना ऑईल भरायचं झाकण काढा आणि तळहात वर थोडा लांब धरा. धूर भसाभस फुंकल्यासारखा बाहेर येत असेल तर रिंगा आणि लायनर झिजलेत. तो किरकोळच असेल तर ऑईल व्हॉल्व्ह गाईडमधूनही जात असेल, आणि ते काम बरंच स्वस्त आहे.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा ऑईल चेंबरचा नट सकाळी हलकेच सैल करून बघा. पाणी ऑईलपेक्षा जड असतं, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि आधी पाण्याचे थेंब पडतात. ते दिसले किंवा ऑईल दुधी झालेलं दिसलं, तर हेड गॅस्केट किंवा लायनरचं रबर गेलंय. तशीच गाडी चालवली तर बेअरिंग खाऊन क्रँकही जाईल. क्रँक घासून घेता येतो, पण किती वेळा त्याला मर्यादा आहे. त्यामुळे इंजिन आधी कधी खोललंय आणि क्रँक कोणत्या मापावर आहे, हे मिस्त्रीला विचारून वहीत लिहून ठेवा.

सुरूच होत नसेल तर बॅटरीचे टर्मिनल, अर्थची केबल आणि डिझेल लाईन बघितल्याशिवाय कॉम्प्रेशनचं नाव काढू नका. लाईननं हवा धरली की धडधाकट इंजिनही म्हाताऱ्यासारखं वागतं. सारखं गरम होणाऱ्या गाडीचंही तसंच. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतलं की आत क्षार धरतात, आणि दोष वयाला दिला जातो.

मागची बाजू न तपासणं

इथं मात्र वेळ घालवा. गिअर ऑईल काढताना खाली स्वच्छ पातेलं ठेवा आणि त्यात चुंबक फिरवा. चुंबकाला राखाडी चिखल लागला तर ती नेहमीची झीज. दातांचे टवके किंवा चमकणारे कण निघाले तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. लोड पडला की गिअर आपोआप सुटतो का, उतारावर एक्सलेटर सोडल्यावर मागून घरघर येते का, ते ऐका. क्राउन आणि पिनियन (मागच्या चाकांना ताकद देणारी गिअरची जोडी) जोडीनंच बदलावे लागतात, त्यामुळे ‘एवढाच पार्ट टाकू’ हा हिशेब तिथं चालत नाही. ज्या गाडीनं दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढलाय तिची हाऊसिंग दिवसाउजेडी पुसून, तडे आणि जुनं वेल्डिंग शोधत बघा.

अवजार उचलणाऱ्या लिफ्टची परीक्षा सोपी आहे. पल्टी नांगर वर उचला आणि इंजिन बंद करा. नांगर लगेच खाली बसायला लागला, किंवा इंजिन चालू असताना लिफ्ट वर-खाली हिसके देत राहिली, तर आत ऑईल गळतंय. बऱ्याचदा तो सीलचा प्रश्न असतो. सकाळी लिफ्ट व्यवस्थित उचलते आणि ऑईल तापल्यावर रडते, असं असेल तर हायड्रोलिक पंप झिजलाय. दोन्हीचा खर्च वेगळा, म्हणून ‘लिफ्ट काम करत नाही’ एवढ्यावर कोणाला दर विचारू नका.

इंजिन कमजोर आणि मागची बाजू दणकट असेल तर ट्रॅक्टर ठेवावा. इंजिन मस्त पण गिअरबॉक्स, क्राउन आणि लिफ्ट तिन्ही बोलायला लागले, तर तो काढावा.

नाव तेच म्हणून पार्ट तोच समजणं

१०३५, ३६००, २७५ हे मॉडेलचे आकडे आजही नव्या गाड्यांवर दिसतात. म्हणून १९८० च्या दशकातल्या गाडीचा पार्ट सहज मिळेल असं वाटतं. काही पार्ट बसतात, काही बसत नाहीत. दुकानात जाताना इंजिन नंबर आणि जुना पार्ट दोन्ही सोबत न्या. एचएमटी या सरकारी कंपनीच्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. २०१६ साली तिचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय झाला, त्यामुळे तिच्या झेटर घराण्याच्या गाड्यांसाठी बाजारात मिळेल त्या मालावर भिस्त ठेवावी लागते. लुधियाना, राजकोटकडचा माल येतो, पण त्याचा दर्जा एकसारखा नसतो. ठेवायचा निर्णय घेण्याआधी पाच पार्टांची यादी करा: क्लच प्लेट, वॉटर पंप, लायनर-पिस्टन, लिफ्टचे सील, स्टेअरिंगची कामं. ती घेऊन तालुक्यातल्या दोन दुकानांत जा. तीन पार्ट ‘मागवून देतो’वर गेले, तर ऐन हंगामात काय होईल याचा अंदाज तुम्हाला आला.

डिझेल वाचेल म्हणून नवा घेणं

हा हिशेब कागदावर मांडला की सगळा डाव उघडा पडतो. समजा ६ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षांची मुदत. वर्षाला साधारण दीड लाखाचे हप्ते झाले. तुमचं घरचं काम वर्षाला २५० तासांचं असेल, तर तासाला ६०० रुपये नुसते हप्त्यात गेले. डिझेल आणि ड्रायव्हर वेगळाच. जुनी गाडी तासाला अगदी १ लिटर डिझेल जास्त पीत असली, तरी ९० रुपयांच्या दरानं वर्षाला साडेबावीस हजार होतात. बाहेरची कामं धरून ७००-८०० तास चालवणार असाल तर चित्र बदलतं आणि तेव्हा नवा ट्रॅक्टर परवडतो. ‘जास्त पितो’ हेही आधी मोजून बघा. टाकी तोंडापर्यंत भरा, एक एकर नांगरा आणि पुन्हा मापानं भरा.

कामाकडे न बघणं

रोटाव्हेटर चालवायचा असेल तर सिंगल क्लचची जुनी गाडी त्रास देते. क्लच दाबला की पीटीओही (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) थांबतो आणि माती तशीच अडकून राहते. हळू चालणारा गिअर नसेल तर ढेकळं फुटत नाहीत. तिथं इंजिन कितीही चांगलं असलं तरी फरक पडत नाही. फवारणी, पाण्याचा टँकर, मळणी, फण मारणं एवढंच काम असेल तर जुना ट्रॅक्टर ठेवा आणि रोटाव्हेटर एकरी भाड्यानं मारून घ्या. मला हा मधला मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, पण शोरूममध्ये तो कोणी सुचवणार नाही, हे उघड आहे. भरल्या ट्रॉलीनं घाट किंवा उतार असेल तर मात्र ब्रेकच्या बाबतीत तडजोड नको. जुने ड्राय ब्रेक ओले झाले की धरत नाहीत.

अफवेवर गाडी विकणं

‘दहा वर्षांनी ट्रॅक्टर भंगारात’ हा मेसेज दर काही महिन्यांनी फिरतो आणि त्यावर गाड्या स्वस्तात उचलल्या जातात. शेतीचा ट्रॅक्टर बिगरवाहतूक वाहनात मोडतो. पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर ती ५-५ वर्षांनी वाढवता येते. केवळ वयावरून सक्तीनं भंगारात काढायचा नियम नाही, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानंही जाहीर केलंय. नोंदणी संपली असेल तर ती आधी वाढवून घ्या, विकायची असली तरी.

नवा घ्यायचाच ठरला तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. बिल त्याच दरानं आहे ना, ते बघा. आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या गाड्यांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झालेत, त्यामुळे त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक्स जास्त आहे. गावच्या मिस्त्रीला ते जमेल का, हे त्यालाच विचारा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून अनुदान घेणार असाल तर पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी खरेदी करू नका, अनुदान जाईल.

एक्सचेंजमध्ये जुनी गाडी दिलीत तर आरसी बुक नव्या मालकाच्या नावावर चढेपर्यंत पिच्छा सोडू नका. विक्रीच्या कागदावर सही झाली तरी आरटीओत नाव तुमचंच असेल, तर उद्या अपघातात भरपाईची नोटीस तुमच्याच दारी येते. बँकेचा जुना बोजा उतरवलेला नसेल तर नावावर करणंही अडतं. वीस वर्षांपूर्वी कर्ज फिटलं, पण बोजा आरसीवर तसाच, अशी उदाहरणं काही कमी नाहीत. बँकेचा नाहरकत दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आताच काढून ठेवा.