विंडोज १० वरून ११ वर जायचं का? आधी हे तपासा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशिन चालत राहील, पण त्यात सापडणाऱ्या नव्या त्रुटी आता आपोआप बुजवल्या जात नाहीत. ज्या मशिनवर नेट बँकिंग किंवा जीएसटीचं काम होतं, ते असंच चालू ठेवू नका.

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'एमएसइन्फो३२' (msinfo32) इंग्रजी अक्षरांत टाका. प्रोसेसर, सिस्टिम टाइप आणि बायोस मोड या ओळी टिपून घ्या. इंटेल कोअरमध्ये डॅशनंतरचा आकडा पिढी सांगतो: आय५-७२००यू सातवी, ८२५०यू आठवी, १०२१०यू दहावी. आठवीपासून पुढे बहुतेक चालतात. सातवीत मोजकेच अपवाद आहेत. नक्की उत्तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे ॲप देतं.

त्यात 'टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही' असं आलं म्हणून लगेच नवं मशिन घेऊ नका. असेंबल केलेल्या पीसीत ते बरेचदा बायोसमध्ये, म्हणजे मशिन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, नुसतं बंद असतं. इंटेलमध्ये पीटीटी, एएमडीत एफटीपीएम नावाने शोधा आणि चालू करा. मात्र बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकतं आणि की नसेल तर डेटा गेलाच.

बायोस मोड 'लेगसी' म्हणजे जुना दिसला तर सरळ यूईएफआय (विंडोज ११ ला लागणारा नवा मोड) करू नका. डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली असल्यास विंडोज सुरूच होणार नाही. आधी बॅकअप, मग 'एमबीआर२जीपीटी' कमांडने डिस्क तपासून जीपीटी या नव्या पद्धतीत रूपांतर, आणि त्यानंतरच बायोसमधला बदल, हा क्रम पाळा.

सिस्टिम टाइप ३२-बिट असेल तर थेट अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉलेशन करावं लागतं. डोंगलवर (मशिनला जोडायच्या परवाना-चावीवर) चालणारं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर आणि जुने प्रिंटर इथेच अडतात, कारण त्यांना ६४-बिट ड्रायव्हर लागतो. तो मिळत नसेल तर ते मशिन इंटरनेटपासून तोडून फक्त त्या कामाला ठेवलेलं बरं.

रॅम ४ जीबी कागदावर पुरते. प्रत्यक्षात ८ हवी. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा, नाहीतर प्रत्येक अपडेटला मशिन गुदमरतं.

प्रोसेसर अटींत बसत नसेल तर विंडोज १० ला घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरच होते. फक्त ब्राउझर आणि मेल लागत असेल तर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवून बघा. अटी चुकवून ११ टाकण्याच्या युक्त्या कामाच्या मशिनवर नकोत. पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

अपग्रेडनंतर १० दिवस परत फिरता येतं. तेवढ्यात प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकन लावून बघा, आणि डिस्क क्लीनअपने 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पुसू नका.