माळरानावरचा मुक्काम सुखाचा कसा करावा

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि पुढे १९९१ मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने इतिहासजमा केले, त्यामुळे शिकारीचा तळ हा विषय मराठवाड्यापुरता संपला आहे. रानात राहुटी ठोकून तीन-चार दिवस नीट राहण्याची विद्या मात्र पक्षीनिरीक्षकांना, छायाचित्रकारांना आणि गवताळ माळांच्या अभ्यासकांना आजही लागते. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी असून ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळापुरते आहे. उन्हाळ्यात आमच्या भागात तंबूत दुपार काढण्याचा हट्ट कोणीही धरू नये.

गौताळा-औट्रमघाट, येडशी-रामलिंगघाट किंवा नायगावचे मयूर अभयारण्य यांच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. म्हणून हद्दीबाहेरचे एखादे खासगी रान पाहावे आणि मालकाची संमती घ्यावी. त्या शेतात आखाडा (शेतावरची गोठा-झोपडीची वस्ती) असेल तर त्याच्या हाकेच्या अंतरावर राहणे सर्वांत सोयीचे, कारण पाणी, बाज (विणलेली खाट) आणि अडीअडचणीला माणूस या तिन्ही गोष्टी तिथे मिळतात. गावच्या पोलीस पाटलांना आणि वनरक्षकाला आधी कळवावे. रात्री माळावर बॅटऱ्या हलताना दिसल्या की गावकरी चोर किंवा चोरटे शिकारी आले असेच समजतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

जागा निवडण्याला अर्धा दिवस लागला तरी तो द्यावा, कारण चुकीच्या जागेवर उत्तम तंबूही उपयोगाचा नसतो. बालाघाट आणि अजिंठ्याचे डोंगर बेसाल्टच्या थरांचे असल्याने त्यांना पायऱ्यांसारखे सपाट टप्पे असतात, आणि मुक्कामाला मधला टप्पा उत्तम असतो. अगदी माथ्यावर वारा झोपू देत नाही. ओढ्याच्या काठची जागा दिवसा मोहक वाटते, परंतु रात्री थंड हवा जड होऊन उताराने खाली वाहते आणि सखल भागात साचते, त्यामुळे तिथे पहाटे दव आणि गारठा दोन्ही जास्त असतात. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरणे नित्याचे आहे, तेव्हा हा फरक अंगाला चांगलाच जाणवतो. शिवाय पाणवठ्यावर रात्री रोही (नीलगायी), रानडुकरे आणि क्वचित बिबट्याही येतो. त्यांची वाट आपण अडवू नये.

काळ्या जमिनीत तंबू लावू नये. हिवाळ्यात ती भेगाळते, त्या भेगांत विंचू आणि साप आसरा घेतात, आणि अवकाळी सर आली तर तासाभरात चिखलाचा गोळा होतो. मुरुमाड जमिनीत पाण्याचा निचरा चांगला होतो, मात्र खुंट्या नीट धरत नाहीत. म्हणून दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्यात. दगड उचलताना तो आधी काठीने उलटावा, कारण फुरसे दगडाखालीच बसते. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो, त्यामुळे दार दक्षिणेकडे ठेवल्यास वारा थेट आत शिरत नाही आणि कललेले ऊन दिवसभर मिळते. तंबूभोवतीचे कुसळी गवत कापून टाकावे. ते मोज्यांतून थेट पायापर्यंत पोहोचते आणि चिडचिड वाढवते.

अंथरुणाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: जमिनीवर झोपण्यापेक्षा आखाड्यावरून मागून आणलेली बाज शंभर पटींनी बरी. तिच्यावर आधी घोंगडी, मग वाकळ, आणि पांघरायला दुसरी वाकळ घ्यावी. थंडी वरून जितकी लागते तितकीच बाजेच्या विणीतून खालूनही लागते, हे शहरातले लोक विसरतात. मच्छरदाणी हिवाळ्यातही लावावी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचाव्यात. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. तो दंश बऱ्याचदा दुखत नाही आणि खूणही स्पष्ट उमटत नाही, म्हणून पहाटे कोणाच्या पोटात दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या तर तो सर्पदंश समजून लगेच १०८ वर फोन करावा. सर्पविषावरील प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे याची चौकशी निघण्याआधीच करून ठेवावी. बूट सकाळी झटकून घालावेत.

चुलीसाठी दहा फुटांपर्यंत गवत साफ करून वीतभर खड्डा खणावा आणि बाजूने तीन दगड लावावेत. डिसेंबरनंतर माळ वाळून कोळ झालेला असतो, एक ठिणगीही पुरते. राखीव जंगलाला धोका होईल असा विस्तव करणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, म्हणून जंगलाच्या कडेला गॅसची लहान शेगडीच वापरावी. आखाड्याजवळ असाल तर तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या विकत घ्याव्यात. झाड तोडू नये. तुराट्या भराभर पेटून विझतात, त्यांनी चहा होतो. भाकरीला मात्र गोवरीची धग हवी.

स्वयंपाकात वेळ घालवायचा नसेल तर घरून धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ) न्यावे. येसर पाण्यात कालवून उकळले की पाच-सात मिनिटांत कढत आमटी तयार होते, आणि थंड रात्री तिला तोड नाही. सांडलेले पीठ व खरकटे उघड्यावर राहू देऊ नये. त्याने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. शिधा डब्यात घालून झाडाला टांगावा.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज आठ-दहा लिटर पाणी धरावे. विहिरीचे पाणीही उकळून प्यावे. शौचासाठी पाण्यापासून दोनशे फूट दूर वीतभर खोल खड्डा घ्यावा आणि नंतर तो बुजवावा.

फेब्रुवारी उजाडला की आभाळाकडे लक्ष ठेवावे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. गारांपुढे तंबूचे कापड टिकत नाही. ढग दाटले तर सामान तिथेच सोडून आखाड्यावर किंवा गावातल्या पक्क्या घरात जावे, एकट्या झाडाखाली उभे राहू नये.

निघताना चुलीवर पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत कालवावी, खड्डा बुजवावा आणि आणलेले दगड जागेवर ठेवावेत. तंबूच्या कापडातली कुसळे तिथेच बसून काढावीत. घडीत राहिली तर ती पुढच्या वेळेपर्यंत कापडाला भोके पाडून ठेवतात.