ठाणे-नवी मुंबईत प्रो रेसलिंगचा स्थानिक शो बघायला जाताय? मग हे वाचून जा

नव्वदच्या दशकात डब्याच्या सुट्टीत ज्यांनी रेसलिंगची ट्रम्प कार्डं खेळली, छाती, बायसेप्स आणि रँकवरून एकमेकांच्या कॉलरी धरल्या, ती पिढी आता घोडबंदर रोडला नाहीतर खारघरला घराचे हप्ते भरते आहे. त्यातल्या बहुतेकांनी रेसलिंग पाहिलं ते टीव्हीवरच. जवळच्या एखाद्या हॉलमध्ये किंवा मैदानात स्थानिक पोरांचा शो लागलाय असं कळलं, तर जरूर जा. फक्त टीव्हीसमोर बसतो तसं हाताची घडी घालून बसू नका. दोन-तीनशे लोकांच्या शोमध्ये प्रेक्षकच गप्प राहिला, तर रिंगमधल्या दोघांचं काम अडतं.

‘खोटं असतं रे ते’

सोबत येणाऱ्यांपैकी एकजण हे म्हणणारच, तेव्हा घरून निघण्याआधीच विषय मिटवा. कोण जिंकणार हे ठरलेलं असतं. शेवट कसा होणार हेही बहुधा ठरलेलं असतं. यात आता गुपित काही उरलेलं नाही. १९८९ साली डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या रेसलिंग कंपनीनेच अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिनेटपुढे ‘हे मनोरंजन आहे’ असं सांगून टाकलं, कारण खेळ म्हणून लागू होणारे नियम आणि कर तिला नको होते.

पडणं मात्र खरंच असतं. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या किंवा प्लायवूड, त्यावर पातळ फोम आणि वरून ताणून बांधलेला कॅनव्हास. गादी वगैरे काही नाही. त्यावर पाठीवर पडायचं तर हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडायचा, पाठ सपाट टेकवायची आणि त्याच क्षणी दोन्ही हात कॅनव्हासवर आपटायचे, म्हणजे मार एका जागी बसत नाही. हे शिकण्यातच नवख्याचे कित्येक महिने जातात. डोकं जरा मागे राहिलं की संपलं.

छातीवर उघड्या हाताने मारलेली चॉप टीव्हीवर किरकोळ वाटते. चार हातांवरून तिचा आवाज ऐका. हॉलच्या भिंतीवरून तो परत येतो, आणि थोड्याच वेळात मार खाणाऱ्याच्या छातीवर पाच बोटं लाल उमटलेली दिसतात. मग खोटं म्हणणारा पुढचा अर्धा तास काही बोलत नाही.

शो नक्की कसला आहे ते बघा

‘रेसलिंग’ असं शोधलं की मॅटवरची कुस्ती, मातीतली कुस्ती, एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स), पंजा लढवण्याच्या स्पर्धा, सगळं एकत्र समोर येतं. पोस्टर नीट पाहा. खेळाडूंना टोपणनावं, काहींना मुखवटे, मधोमध चमकणारा बेल्ट आणि दोघातिघांची आपसातली खुन्नस ठळक छापलेली असेल, तर तो प्रो रेसलिंगचा शो. फोटोत रिंग दिसत असेल तर दोर मोजा. बॉक्सिंगच्या रिंगला आता साधारण चार दोर असतात, रेसलिंगच्या रिंगला तीन. जाळीचा पिंजरा दिसला तर ते एमएमए, आणि तिथला मार ठरवून दिलेला नसतो.

आपल्याकडे असे शो दर शनिवारी लागत नाहीत, त्यामुळे वाट बघावी लागते. इन्स्टाग्रामवर रेसलर मंडळींना फॉलो करा, बुकमायशोवर अधूनमधून डोकवा, एमएमए शिकवणाऱ्या जिममध्ये विचारून ठेवा. पोस्टरवर एखादं मोठं परदेशी नाव दिसलं तर लगेच पैसे भरू नका. त्या रेसलरने स्वतःच्या अकाउंटवर तारीख टाकली आहे का ते बघा. ‘कार्डात (म्हणजे झुंजींच्या यादीत) बदल होऊ शकतो’ ही बारीक अक्षरातली ओळ आयोजकाला वाचवते, तुम्हाला नाही. मोकळ्या मैदानातला शो जून ते सप्टेंबरमध्ये असेल, तर पावसात काय करणार हे आधी विचारा. ओल्या कॅनव्हासवर उड्या मारणं म्हणजे गुडघ्याला निरोप.

जागा निवडणं

मी हॉलमध्ये शिरल्यावर आधी छताकडे बघतो. रिंगचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण तीन-चार फूट, वरचा दोर त्याच्यावर आणखी चार फूट. त्या दोरावर उभ्या राहिलेल्या माणसाचं डोकं तेरा-चौदा फुटांवर जातं. छत बसकं असेल, वर पंखे लटकत असतील, तर वरच्या दोरावरून उडी मारणारा आज जमिनीवरच राहणार हे समजून घ्या. नाट्यगृहात म्हणूनच हा खेळ रंगत नाही. गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह कितीही आवडीचं असलं, तरी तिथे प्रेक्षक एकाच बाजूला बसतो. रेसलिंगला चारी बाजूंनी माणसं लागतात, आणि शेवटच्या रांगेनंतरही भांडण करायला थोडी मोकळी जागा लागते.

छोट्या शोला सगळ्यांत महाग तिकीट बहुधा पहिल्या रांगेचं. पैसे वसूल होतात, पण तिथे बसण्याची अट एकच: रेसलर अंगावर आला की खुर्ची सोडून उठायचं. तो दोरांमधून बाहेर फेकला जातो, उठतो, तुमच्याच रांगेत पुन्हा आपटतो. बॅग, पाण्याची बाटली, वडापावची पुडी पायाशी ठेवू नका. लहान मूल, गरोदर बाई किंवा आजी सोबत असतील तर पहिली रांग नकोच. माझी पसंती दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतल्या, येण्याजाण्याच्या वाटेला लागून असलेल्या खुर्चीला. एन्ट्री हाताच्या अंतरावरून दिसते. त्याहून मागे गेलात आणि खुर्च्या एकाच पातळीवर असतील, तर रिंगबाहेर जमिनीवर चाललेली मारामारी पुढच्यांच्या डोक्यांआड जाते.

अजून एक. शूटिंगसाठी मुख्य कॅमेरा एका बाजूला ट्रायपॉडवर लावलेला असतो, आणि रेसलर मंडळी चेहरा त्या बाजूला ठेवतात. जागा ठरलेली नसेल तर कॅमेऱ्याच्या बाजूला बसा. समोरच्या बाजूला बसलात तर व्हिडिओत तुम्ही दिसाल, पण तुम्हाला मात्र पाठीच जास्त दिसतील. खांबाच्या अगदी मागची खुर्ची कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

काय बघायचं

नियम थोडे आहेत. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे टेकवून रेफ्रीने तीन मोजले की जिंकलं. वेदनेने हार मानली की हरलं. दोराला हात किंवा पाय लागला तर पकड सोडावी लागते, पाचच्या आत. रिंगबाहेर राहिलात तर अमेरिकी पद्धतीत दहापर्यंत मोजतात, जपानी पद्धतीत वीसपर्यंत. बॅटल रॉयल असेल तर एकाच वेळी सगळे रिंगमध्ये, आणि वरच्या दोरावरून बाहेर जाऊन ज्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले तो बाद. द ग्रेट खलीने २००७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा जागतिक किताब अशाच झुंजीत मिळवला होता.

घरातले कुस्तीशौकीन काका सोबत असतील तर तीन मोजण्याची भानगड त्यांना आधी सांगून ठेवा. मातीत पाठ टेकली की कुस्ती चितपट, हलगी थांबली, विषय संपला. इथे एकाच झुंजीत माणूस आठ वेळा पाठीवर पडतो, रेफ्री दोन मोजतो आणि तो खांदा उचलतो. काका दर वेळी ‘अहो, पडला की!’ म्हणून उठतात. उठू द्या. त्या अडीचच्या मोजणीवरच सगळा खेळ उभा आहे. आणि काकांना हा प्रकार तसा अनोळखीही नसेल. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंगांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना मुंबईकर तुडुंब गर्दी करायचे, आणि १९६८ च्या मे महिन्यात त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवलं ते मुंबईतच. अलीकडचं म्हणाल, तर २०१२ ची ‘रिंग का किंग’ ही टीव्ही मालिका पुण्यात बालेवाडीला चित्रित झाली.

एकदा कथा कळली की नजर बारकाव्यांकडे न्या. एखादा समोरच्याचा डावा पाय सारखा मुरगाळतोय का? मेक्सिको वगळता बहुतेक ठिकाणी रेसलर ठरवून डाव्या हाता-पायावर काम करतात. शेवटी विजयाची उडी मारताना त्याच पायाने दगा दिला, तर मघाची दहा मिनिटं वाया गेली नव्हती. लांबलेल्या पकडीत दोघांची डोकी एकमेकांजवळ आली की ते पुढचं बोलून घेत असतात. रेफ्री खाली वाकून मनगट धरतो तेव्हा ‘ठीक आहेस ना’ हे विचारतो, त्याला बोट दाबून उत्तर मिळतं. रेफ्रीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली तर सहसा दुखापत खरी असते. त्या वेळी ओरडणं थांबवा, मोबाईल खाली ठेवा आणि वाट मोकळी करा.

ओरडायचं कसं

मराठी माणूस इथेच अडखळतो. तिसरी घंटा झाली की खोकलासुद्धा दाबायचा, ही आपली सवय. इथे उलटं आहे. प्रत्येक झुंजीत साधारण एक नायक, म्हणजे फेस, आणि एक खलनायक, म्हणजे हील. कोण कोण आहे हे एन्ट्रीतच कळतं. फेस टाळ्या देत येतो. हील येतो तो दशावतारातल्या संकासुरासारखा, प्रेक्षकांची खोडी काढतच. माइक हातात घेऊन ‘तुमच्या ठाण्यात यायला घोडबंदरला दीड तास गेला आणि बघायला काय, तर ही तोंडं’ म्हणेल. ‘मामलेदारची मिसळ गोड लागते’ म्हणाला तर काही विचारूच नका. त्याला तुमची हुर्यो हवी असते, तीच त्याची दाद. खलनायकाला ‘वा, काय छान खेळतो’ म्हणून टाळ्या पडल्या, तर त्याचा दिवस फुकट गेला.

इंग्रजी घोषणा टीव्हीवरून पाठ असतात, त्या चालतातच. पण ‘ऊठ, ऊठ!’, ‘मागे बघ!’, ‘अरे पंच, डोळे कुठायत?’ यांना जी मजा आहे ती त्यांना नाही. मोजताना रेफ्रीबरोबर मोठ्याने मोजा. कुणीच सुरुवात करत नसेल तर तुम्ही करा, चौथ्या हाकेला बाकीचे येतात.

सीमा मात्र स्पष्ट आहेत. आई-बहिणीच्या शिव्या, जात, रंग, बायकांच्या झुंजीत कपड्यांवरचे शेरे, हे अजिबात नाही. बाई रेसलर असेल तर तिच्या डावांवर ओरडा. रेसलरला हात लावू नका, स्वतःहून तो हात पुढे करेल तेव्हाची गोष्ट वेगळी. रिंगमध्ये काही फेकू नका. बाटलीतलं सांडलेलं पाणीसुद्धा पाय घसरवतं. रेसलरचं खरं नाव माहीत असलं, तुमच्या सोसायटीतलाच असला, तरी झुंजीच्या मध्येच ‘काय रे, बँकेत सुट्टी टाकलीस का?’ असं विचारणं म्हणजे त्याची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात.

मुलांना नेणार असाल तर घरून निघतानाच सांगा की हे शिकलेले लोक करतात, बेडवरून धाकट्यावर उडी मारायची नाही. आठ-दहा वर्षांची मुलं सर्वांत चांगले प्रेक्षक असतात, कारण ती खलनायकावर मनापासून चिडतात. अगदी लहानग्यांना स्पीकरच्या भिंतीपासून लांब बसवा.

संपल्यावर

मध्यंतरात किंवा शेवटी दाराजवळ टेबल मांडलेलं असलं तर तिथे थांबा. टी-शर्ट आणि फोटो विकणारे बरेचदा मघाशी मार खाणारेच असतात, आणि स्थानिक शोला मानधन फारसं नसतं, तेव्हा टी-शर्टाचे पैसे थेट त्यांच्या उपयोगाला येतात. यूपीआय चालतं, पण गर्दीत नेटवर्क जातं म्हणून थोडी रोख ठेवा. ‘खरंच लागतं का हो?’ हा प्रश्न त्यांनी इतक्यांदा ऐकलेला असतो की विचारूच नका. शिकलात कुठे, हे विचारा. खलनायक टेबलावरही उर्मटपणे बोलला तर रागावू नका, तो अजून कामावर आहे.

आता घरी जायचं. शो जाहीर वेळेला संपेल हे गृहीत धरू नका, मुख्य झुंज नेहमी शेवटची असते आणि तीच लांबते. रात्री उशिरा ठाणे-वाशी-पनवेल मार्गावर गाड्या विरळ होतात, म्हणून शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा एम-इंडिकेटरवर आधीच बघून ठेवा. रविवारी दुपारचा शो असेल तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे तेही. ट्रान्स-हार्बर बंद असली तर ठाण्याहून वाशीला ऐरोलीमार्गे बस किंवा रिक्षा, आणि त्यासाठी तासभर आधी निघायचं. पहिलीच झुंज चुकवू नका. ती बहुधा नव्या पोरांची असते आणि हॉल तापवायचं काम त्यांच्यावर असतं.