भंडारा उधळण्याआधी: जेजुरीतील चित्रीकरणासाठी रंगाची तयारी

सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी जेजुरी गडावरून कऱ्हा नदीकडे स्नानासाठी निघते. त्या वेळी पायऱ्यांवर, दीपमाळांवर आणि माणसांच्या अंगाखांद्यावर भंडाऱ्याचा जो पिवळा रंग चढतो, तो डोळ्यांना दिसतो तसा व्हिडिओत क्वचितच उतरतो. घरी येऊन फुटेज उघडावे तर उधळणीच्या जागी एक सपाट, पोत हरवलेला पिवळा डाग असतो, चेहरे हिरवट पडलेले असतात आणि मागच्या आकाशात पट्टे उमटलेले असतात. कॅमेरा महाग होता की स्वस्त, याचा या बिघाडाशी फारसा संबंध नसतो. रंगाचे निर्णय गर्दीत उभे राहून घेता येत नाहीत. ते आठवडाभर आधी शांतपणे घेऊन लिहून ठेवावे लागतात. दोन-तीन जणांच्या टोळीने, लॉग पद्धतीने (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाबून, फिक्या चित्रात नोंदवून) चित्रण करणारा कॅमेरा घेऊन लहानसा माहितीपट करायचा आहे, असे धरून ही तयारी मांडली आहे.

पहिला निर्णय शेवटच्या पडद्याचा. माहितीपट मोबाइलवर, संगणकावर आणि टीव्हीवर पाहिला जाणार असेल तर बीटी.७०९ हे मानक पुरेसे आहे: पांढरा रंग डी६५ म्हणजे सुमारे ६५०० केल्विनचा, मॉनिटरचा गॅमा (अंधारापासून उजेडापर्यंतचा चढ ठरवणारा वक्र) २.४ आणि पांढऱ्याची उजळता १०० निट्स (उजळतेचे एकक). चित्रपटगृहात दाखवायच्या डिजिटल प्रतीसाठी, म्हणजे डीसीपीसाठी, हिशेब बदलतो. तिथे पी३ ही अधिक रुंद रंगकक्षा (दाखवता येणाऱ्या रंगांची व्याप्ती), २.६ गॅमा आणि पडद्यावरचा पांढरा केवळ ४८ निट्स असतो. एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवणारी) आवृत्ती हवी असेल तर २०१६ सालचे बीटी.२१०० मानक आणि त्यातील पीक्यू किंवा एचएलजी यांपैकी एक वक्र निवडावा लागतो. लहान टोळीने आधी ७०९ ची मूळ प्रत नीट करावी आणि डीसीपी तिच्यावरून काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हा निर्णय पिवळ्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण ७०९ ची कक्षा या सर्वांत अरुंद आहे आणि हळदीचा गडद पिवळा तिच्या काठावर, कधी काठाबाहेरही पडतो.

हा पिवळा इतका अवघड का, हे टोळीतील प्रत्येकाने समजून घेतलेले बरे. हळदीतील रंगद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते आणि लाल व हिरवा परत पाठवते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ब्राइस बेयर यांच्या नावाने ओळखली जाणारी जाळी असते. तिच्यातील निम्मे बिंदू हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे. भंडाऱ्यासमोर या निळ्या बिंदूंना जवळजवळ काहीच मिळत नाही. पुढे सेन्सरच्या रंगकक्षेतून ७०९ मध्ये रूपांतर होताना गणितात निळ्याची किंमत शून्याखाली जाते आणि शून्यावर कापली जाते. दुसरीकडे लाल आणि हिरवा भरभरून असतात. ७०९ च्या सूत्रात उजळता मोजताना लालचा वाटा ०.२१२६, हिरव्याचा ०.७१५२ आणि निळ्याचा अवघा ०.०७२२ असतो, म्हणजे शुद्ध पिवळा हा पांढऱ्याच्या ९३ टक्क्यांच्या आसपास उजळ ठरतो. दुपारच्या उन्हात त्याला वर जायला जागाच उरत नाही. त्यात लाल आधी कापला गेला आणि हिरवा चढत राहिला, तर हळदीचा उबदार पिवळा लिंबाच्या पिवळ्याकडे सरकतो. प्रेक्षकाला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण ही जेजुरी नव्हे एवढे त्याला कळते.

म्हणून जाण्याच्या आठवडाभर आधी घरच्या गच्चीवर एक चाचणी करावी, आणि ती कितीही घाई असली तरी टाळू नये. पाव किलो भंडारा आणावा, स्टीलच्या नव्हे तर मळकट पांढऱ्या ताटात पसरावा, मूठभर हवेत उधळणारा माणूस समोर उभा करावा आणि भर उन्हात दोन स्टॉप कमी ते दोन स्टॉप जास्त असे अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) एक्स्पोजर बदलत प्रत्येकी दहा सेकंदांचे चित्रण करावे. नंतर तुकडे संगणकावर उघडून आरजीबी परेड लावावी. लाल, हिरवा आणि निळा यांचे तीन स्वतंत्र आलेख शेजारीशेजारी दिसतात. लालचा माथा ज्या पायरीवर सपाट होतो, तिच्या एक स्टॉप खाली तुमची मर्यादा. कॅमेऱ्यातील झेब्रा (अति उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) सहसा एकत्रित उजळतेवर चालतो, त्यामुळे एकटा लाल कापला जात असताना तो गप्प राहू शकतो. लॉगमध्ये एक-दीड स्टॉप चढे एक्स्पोजर ठेवावे म्हणजे सावलीतले दाणे कमी होतात, हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि एरवी तो योग्यच आहे. भंडाऱ्यासमोर मात्र तो तपासल्याशिवाय पाळू नये. ताटातल्या दाण्यांचा पोत, बोटांच्या चिमटीतून सुटणारी पूड आणि उधळलेल्या ढगाची विरळ कड या तीन गोष्टी ज्या पायरीवर एकत्र दिसतात, ती पायरी वहीत लिहून ठेवावी.

कॅमेऱ्यातील मांडणी त्यानंतर. चित्रण १० बिटचे आणि ४:२:२ (रंगाचा तपशील अधिक राखणारे) असावे, कारण ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १० बिटमध्ये १०२४. आणि लॉग पद्धतीत मोठा उजेड-अंधार त्याच पायऱ्यांत दाबून बसवलेला असल्याने ८ बिटचे लॉग ताणले की पिवळ्या धुरळ्यात आणि आकाशात पट्टे उमटतात. ८ बिटखेरीज पर्याय नसेल तर लॉग वापरूच नये. कॅमेऱ्याचे साधे ७०९ चित्र काळजीपूर्वक घ्यावे. लॉग असेल तर तो कोणत्या कंपनीचा, हे प्रत्येक कार्डाच्या पाकिटावर लिहावे. सोनीच्या एस-लॉग३ मध्ये १८ टक्के करडा सिग्नलच्या पट्टीवर ४१ टक्क्यांवर आणि ९० टक्के पांढरा ६१ टक्क्यांवर बसतो. पॅनासॉनिकच्या व्ही-लॉगमध्ये करडा ४२ वर, तर ॲरीच्या लॉगसी३ मध्ये ३९ च्या सुमारास. आकडे जवळजवळचे दिसत असले तरी वक्र आणि रंगकक्षा वेगळ्या आहेत, त्यामुळे एकाचा लट (लॉगचे चित्र नेहमीच्या रंगांत बदलणारी फाइल) दुसऱ्याला लावला की सर्वांत आधी कातडीचा रंग बिघडतो. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, कॅमेऱ्याच्या मूळ किमतीवरच ठेवावा.

उन्हात तेवढा आयएसओ ठेवायचा तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागणारच. तोही गच्चीवरच तपासावा. स्वस्त फिरता एनडी चित्रावर हिरवी वा तपकिरी झाक आणतो, आणि अवरक्त किरण न अडवणारा जाड एनडी काळे कपडे तांबूस करतो. यात्रेला येणाऱ्या धनगरांच्या खांद्यावरची काळी घोंगडी काळीच दिसली पाहिजे.

व्हाइट बॅलन्स स्वयंचलित ठेवू नये. फ्रेम पिवळ्याने भरली की यंत्राला तो प्रकाशाचा दोष वाटतो आणि ते चित्र निळ्याकडे ढकलते; उधळण संपली की परत येते. एकाच शॉटमध्ये सरकत गेलेला रंग नंतर सुधारणे अतिशय जिकिरीचे असते. उन्हात ५६०० केल्विनवर कुलूप लावावे आणि सावलीतही बहुधा तिथेच राहू द्यावे, कारण सावलीची निळसर थंडाई हा त्या जागेचाच भाग आहे. दिवस मावळल्यावर दुकानांच्या एलईडी माळा, पिवळे दिवे आणि पणत्या एकत्र येतात. एलईडी दिव्यांच्या वर्णपटात गडद लाल अनेकदा कमी असतो आणि सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, त्याच्या सरासरीत तो धरलेलाच नसतो. गडद लालसाठी आर९ हा आकडा वेगळा पाहावा लागतो. त्यामुळे मुलाखतीसाठी नेत असलेल्या दिव्याचा आर९ आधी पाहून घ्यावा. जो लाल प्रकाश चेहऱ्यावर पडलाच नाही, तो ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर संगणकावर रंग सुधारताना, निर्माण करता येत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने २५ फ्रेमवर १/५० शटर ठेवावे; २४ फ्रेमवर काम करत असाल तर शटर १७२.८ अंशांवर, म्हणजे तेवढ्याच १/५० वर, न्यावे. नाहीतर दिव्यांची लुकलुक रंगातही उमटते.

करडे कार्ड आणि २४ चौकटींचा रंगतक्ता सोबत घ्यावा, पण तो झिपच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. एका वर्षी माझे करडे कार्ड सकाळीच हळदीच्या हातांनी हाताळले गेले होते. कोपऱ्यात पिवळसर धग होती, ती मला उन्हात दिसली नाही, आणि त्याच कार्डावर बॅलन्स धरल्याने दुपारपर्यंतचे सगळे चित्रण निळसर आले. तेव्हापासून कार्ड फक्त एका माणसाच्या ताब्यात असते आणि तो माणूस भंडाऱ्याला हात लावत नाही. तक्ता चेहऱ्याच्या जागी, चेहऱ्यावर पडणाऱ्याच प्रकाशात धरावा. सावलीतल्या माणसासाठी उन्हातला तक्ता निरुपयोगी आहे. पालखी निघण्यापूर्वी, हवा स्वच्छ असताना, एकदा उन्हात आणि एकदा सावलीत तक्त्याचा शॉट घेऊन ठेवावा.

चेहऱ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. छापील छायाचित्रांचा रंग जुळवण्यासाठी कोडॅक अनेक दशके जी शर्ली कार्डे वापरत असे, त्यांवर गोऱ्या स्त्रीचे चित्र होते, आणि गोरा चेहरा हाच मापदंड धरण्याची ती सवय अजूनही सल्ल्यांमध्ये टिकून आहे. चेहरा वेव्हफॉर्मवर (चित्राची उजळता दाखवणाऱ्या आलेखावर) ७० टक्क्यांना बसवा, हा असाच एक सल्ला. शेतात राबलेल्या, उन्हाने रापलेल्या वाघ्याचा चेहरा ७० वर नेला तर तो माणूस ओळखू येत नाही आणि त्याच्या मागचा पिवळा तर केव्हाच कापला गेलेला असतो. ७०९ च्या चित्रात असा चेहरा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवावा, कपाळावरची चमक वर जाऊ द्यावी. व्हेक्टरस्कोपवर (रंगछटा दाखवणाऱ्या गोल आलेखावर) लाल आणि पिवळा यांच्यामध्ये जी त्वचारेषा असते, तिच्या आसपास गोरी आणि काळी कातडी दोन्ही येतात, कारण कातडीचा मूळ रंग रक्त आणि मेलॅनिन यांनी ठरतो. फरक प्रामुख्याने उजळतेचा असतो. मात्र भंडारा माखलेला चेहरा त्या रेषेवरून पिवळ्याकडे सरकणारच. पायऱ्यांवर साचलेल्या हळदीवरून परतणारा उजेडही हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत पिवळी झाक देतो. ती झाक खरी आहे, ती पुसू नये. यासाठी प्रत्येक मुख्य व्यक्तीचा, अंगाला भंडारा लागण्यापूर्वीचा, उघड्या सावलीतील एक साधा शॉट घ्यावा. माखलेला चेहरा किती पिवळा ठेवायचा, हे त्याच्याशी ताडून ठरवता येते.

दुसरा कॅमेरा वेगळ्या कंपनीचा असेल तर दोघांवर ५६०० लिहिलेले असूनही चित्र जुळणार नाही, कारण प्रत्येक सेन्सरवरच्या रंगचाळण्या वेगळ्या असतात. डोळ्यांना सारखे वाटणारे दोन पिवळे दोन कॅमेऱ्यांना वेगळे दिसू शकतात, म्हणून गच्चीवरची चाचणी सर्व कॅमेऱ्यांवर एकाच वेळी करावी. मोबाइलही वापरणार असाल तर त्याचे एचडीआर चित्रण बंद करावे. आयफोन १५ प्रोपासून पुढच्या प्रो फोनांत लॉगची सोय आहे, ती घ्यावी.

मॉनिटरवर ७०९ चा लट लावूनच पाहावे, पण तो फाइलमध्ये भाजला जाणार नाही याची खात्री करावी. लटमधून पाहताना भंडाऱ्याचा पोत गेलेला दिसला तरी लॉगमध्ये तो असू शकतो. गच्चीवर ठरवलेल्या पायरीवर विश्वास ठेवावा आणि घाबरून लेन्सचे छिद्र बंद करू नये.

संकलनाची तयारीही निघण्याआधीच करून ठेवावी. दाविंची रिझॉल्व्ह या संकलन-रंगाच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगव्यवस्थापन चालू करून प्रत्येक कॅमेऱ्याची रंगकक्षा आणि लॉग निवडावा, अंतिम कक्षा ७०९ ठेवावी आणि चाचणीचे तुकडे त्यातून काढून पाहावेत. एसेस ही रंगव्यवस्थापनाची पद्धत वापरत असाल तर २०२१ मधील १.३ आवृत्तीपासून मिळणारे रंगकक्षेचे आकुंचन चालू करावे. काठाबाहेर गेलेला पिवळा ते कापून न टाकता आत ओढते आणि ढगातील पोत परत येतो. आधी सर्व शॉट एका पातळीवर आणावेत, मगच चित्राला हवा तो भाव द्यावा. खोलीच्या भिंती करड्या असाव्यात, मॉनिटरमागे डी६५ चा मंद दिवा असावा आणि दर वीस मिनिटांनी पडद्यावर करडा रंग आणून डोळ्यांना विसावा द्यावा. तासभर पिवळे पाहिलेला डोळा त्याला सरावतो आणि हात नकळत आणखी पिवळा चढवतो.

निर्यात करताना फाइलवरील रंगाच्या खुणा, म्हणजे प्राथमिक रंग, वक्र आणि मॅट्रिक्स, तपासाव्यात. मॅकवरील काही प्लेअर ७०९ च्या फाइली जरा फिकट दाखवतात. तेवढ्यावरून ग्रेड बदलू नये, आधी तीच फाइल टीव्हीवर आणि एखाद्या साध्या मोबाइलवर पाहावी.

आणि त्या दिवशी उधळलेल्या भंडाऱ्याची एक पुडी बांधून आणावी. दुकानागणिक छटा बदलते, ग्रेडिंग करणारा माणूस जेजुरीला आलेला नसतो, आणि तुमच्या आठवणीतला पिवळा आठवडाभरात गडद होत जातो. पुडी ग्रेडिंगच्या खोलीतल्या दिव्याखाली उघडू नये. खिडकीशी, उन्हात, पांढऱ्या कागदावर ओतून पाहावी, आणि मग पडद्यापाशी परत यावे.