गॅमा प्लांटवरून आलेल्या हळदीत जिवाणू उरतात, कारण या चुका होतात

सांगलीच्या यार्डातून राजापुरी हळद उचलली, दळली, खोकी विकिरणाला, म्हणजे गॅमा किरणांनी जंतू मारायला, पाठवली. खोक्यावरचा पिवळा ठिपका लाल होऊन आला, तरी लॅबच्या रिपोर्टात टोटल प्लेट काउंट, म्हणजे ग्रॅममागे जिवंत जिवाणूंचा आकडा, हजारात. पहिला संशय प्लांटवर जातो. पण आधी आपल्याच खळ्यापासून गिरणीपर्यंतचे टप्पे तपासा.

घाण माल पाठवून सगळा भरवसा किरणांवर ठेवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. किरणांच्या ठरावीक मात्रेला दहातले नऊ जिवाणू मरतात आणि एक उरतो. पुन्हा तेवढीच मात्रा दिली की उरलेल्यांतले दहातले नऊ. या मात्रेला डी-१० म्हणतात. मात्रा ग्रेमध्ये मोजतात, १,००० ग्रे म्हणजे एक किलोग्रे. ई. कोलायचा डी-१० साधारण ०.२ ते ०.३ किलोग्रे असतो, तर बॅसिलस जातीच्या बीजाणूंचा (जिवाणूच्या कवचबंद, झोपलेल्या रूपाचा) १.५ ते ३ किलोग्रे. हिशोबाला २ धरा. १० किलोग्रे दिले म्हणजे आकड्याला पाच वेळा दहाने भागायचं. ग्रॅममागे १० लाख बीजाणू असतील तर १० उरतील, १० कोटी असतील तर १,०००. डोस तोच, बिलही तेच.

हे बीजाणू येतात मातीतून. हळद शिजवताना साधे जिवाणू मरतात, बीजाणू उकळत्या पाण्यातूनही सुटतात. नंतर ती हळद शेणाने सारवलेल्या खळ्यावर दहा-पंधरा दिवस पडली, रात्री दंवात उघडी राहिली, की ओल मिळून ते रुजतात आणि वाढतात. म्हणून वाळवण सिमेंटच्या ओट्यावर किंवा स्वच्छ ताडपत्रीवर करा, संध्याकाळी झाका, आणि ओलावा १० टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पोती भरू नका. पॉलिशच्या ड्रममध्ये सालीबरोबर बरीच माती निघते. तो भुसा त्याच शेडमध्ये ठेवला तर पंख्याच्या वाऱ्याने परत हळकुंडावरच बसतो. दळण्याआधी हळकुंडाचा नमुना तपासून घ्या. पावडर झाल्यावर माती वेगळी काढता येत नाही.

ओल्या मालाचे आकडे कोरड्या पावडरीला लावणे

गॅमा किरणांचा बराचसा मारा पाण्यामार्फत होतो. पेशीतल्या पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते डीएनए तोडतात. कोरड्या पावडरीत पाणीच थोडं, त्यामुळे हा मार सौम्य पडतो. म्हणून साल्मोनेला हा विषबाधा करणारा जिवाणूसुद्धा ओल्या मांसापेक्षा कोरड्या मसाल्यात जास्त चिवट निघतो.

बीजाणू तर कोरडेपणा घेऊनच बसलेला असतो. त्याच्या गाभ्यात पाणी अगदी कमी, सोबत कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल ठासलेलं, आणि डीएनएला छोट्या प्रथिनांचं वेष्टण. ओल मिळून तो रुजायला लागला की दुरुस्तीची विकरं कामाला लागतात आणि तुटलेले धागे जोडतात.

दुरुस्तीत सगळ्यांच्या पुढे आहे डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू. १९५६ साली अमेरिकेत ओरेगॉनमध्ये, किरण देऊनही नासलेल्या डबाबंद मांसात तो सापडला. माणसाला ५ ग्रे जीवघेणे ठरतात, हा ५,००० ग्रे सोसतो. त्याच्याही डीएनएचे तुकडे होतात, पण जनुकसंचाच्या अनेक प्रती जवळ असतात आणि पेशीतलं मँगनीज दुरुस्तीच्या प्रथिनांना वाचवतं, म्हणून काही तासांत तुकडे पुन्हा जुळतात. हळदीच्या रिपोर्टात मात्र त्याला शोधत बसू नका, इथे त्रास देतो तो बॅसिलसच.

लाल ठिपक्याला डोस समजणे

रंग बदलला म्हणजे खोकं किरणांतून गेलं, एवढंच कळतं. किती डोस मिळाला ते डोसमापकाच्या नोंदीतून कळतं. मसाल्यांतले जंतू कमी करायला भारतात ६ ते १४ किलोग्रेची मर्यादा आहे. प्रमाणपत्रावर किमान आणि कमाल, दोन्ही आकडे मागा. सरासरी पाहून फसायला होतं, कारण गच्च भरलेल्या खोक्यात मधल्या पावडरीला कडेपेक्षा कमी डोस मिळतो. सगळी खोकी एकाच मापाची आणि वजनाची ठेवा.

काही ठिकाणी पट्ट्यावर यूव्ही ट्यूब लावून खर्च वाचवायचा प्रयत्न होतो. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश पावडरीच्या थरात शिरतच नाही.

तपासणीत चुकणे

हळद स्वतः काही जिवाणूंची वाढ दाबते. एकास दहा पातळ केलेल्या प्लेटवर १२ वसाहती आणि एकास शंभरवर ३० दिसल्या, तर पहिली प्लेट खोटं बोलतेय. नमुना आणखी पातळ करून पुन्हा मोजा. उलट, किरणांनी जखमी झालेले जिवाणू कडक निवडक माध्यमात (ठरावीक जिवाणूच वाढू देणाऱ्या खाद्यात) उगवत नाहीत. म्हणून साल्मोनेलासाठी २५ ग्रॅम नमुना आधी २२५ मिली बफर्ड पेप्टोन वॉटर या साध्या पोषक द्रावणात सुमारे १८ तास ठेवून जखमींना सावरू द्यायचं, मग पुढची पायरी.

परत आल्यावर पाकीट फोडणे

किरणांचा परिणाम मागे रेंगाळत नाही. मोठी पिशवी फोडून जुन्या मापाने छोटी पाकिटं भरली की काउंट पुन्हा चढतो. अंतिम पॅकिंग सील करूनच पाठवा. आकडा आला नाही म्हणून तोच माल खास परवानगीशिवाय दुसऱ्यांदा विकिरणाला देता येत नाही.

आणि २०१९ सारख्या कृष्णेच्या पुरात भिजलेली किंवा पेवात ओल लागलेली हळकुंडं चांगल्या मालात मिसळू नका. या डोसने बुरशी मरते, तिने आधीच सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष जवळपास तसंच राहतं, आणि निर्यातीचा कंटेनर त्यावरही अडतो.