गावात अवयवदानाविषयी जागृती करायची असेल, तर

अवयवदानाचा कार्यक्रम घ्यायचे ठरले की बहुतेक मंडळांना पहिल्यांदा आठवतात ती संकल्पपत्रे, म्हणजे मृत्यूनंतर दान करण्याची इच्छा लिहून देण्याचे फॉर्म, आणि कार्यक्रम संपल्यावर किती पत्रे भरली या आकड्यावरच त्याचे यश मोजले जाते. सातारा-सांगली भागात असा कार्यक्रम आखणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा हिशेब सुरुवातीलाच बाजूला ठेवावा. संकल्पपत्र हे माणसाच्या इच्छेचा पुरावा असते खरे. परंतु प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना विचारले जाते, त्यांची लेखी संमती घेतली जाते, आणि ज्या घरात हा विषय कधी निघालाच नाही त्या घरातील माणसे त्या धक्क्यात बहुधा नकारच देतात. म्हणून कार्यक्रमाला आलेला माणूस घरी जाऊन पत्नीशी, मुलांशी, भावाशी या विषयावर बोलेल का, हाच प्रश्न समोर ठेवून सगळी आखणी करावी.

लोकांसमोर उभे राहण्यापूर्वी आयोजकांनी नेत्रदान, अवयवदान आणि देहदान यांतील फरक नीट समजून घ्यावा, कारण पत्रके छापतानाच या तिन्हींची सरमिसळ होते. घरी मृत्यू झाल्यास मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय देता येत नाही. हृदय थांबताच या अवयवांचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते प्रत्यारोपणाच्या कामाचे राहत नाहीत. डोळ्यांचे तसे नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक घरी येऊन ते काढून नेऊ शकते. देहदान हा आणखी वेगळा मार्ग असून तो वैद्यकीय शिक्षणासाठी आहे. त्यासाठी मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे आधी चौकशी करून ठेवावी लागते. नेत्रदान झालेला देह हे विभाग स्वीकारतात. शवविच्छेदन झालेला किंवा अवयव काढलेला देह मात्र सहसा स्वीकारला जात नाही.

यावरून खेड्यातील कार्यक्रमाची सुरुवात नेत्रदानापासून करणे मला अधिक योग्य वाटते. गावाकडे वयस्क माणसे बहुधा घरीच देह ठेवतात, त्यामुळे त्यांच्या कुटुंबाला प्रत्यक्ष करता येण्याजोगे दान तेच आहे. चष्मा असणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असणे, मधुमेह किंवा रक्तदाब असणे, यांपैकी काहीही त्याच्या आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब व क, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा काही आजारांत मात्र ते करता येत नाही. मयत झालेल्या घरात पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोके उशीने थोडे उंच करावे आणि लगेच नेत्रपेढीला फोन करावा, एवढ्या सूचना आशा सेविका आणि बचत गटातील महिलांना तोंडपाठ झाल्या पाहिजेत. गावात मयताच्या घरी सर्वांत आधी पोहोचणारी माणसे तीच असतात. डोळे काढायला अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ लागतो आणि चेहरा विद्रूप होत नाही, हेही त्यांनीच घरच्यांना सांगितलेले अधिक पटते.

अवयवदानाचा विषय समजावताना सर्वाधिक वेळ ‘मेंदूमृत’ या एका संकल्पनेवर खर्च करावा. अपघातात डोक्याला मार लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन मेंदूस्तंभाचे, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागाचे, कार्य कायमचे थांबते, तेव्हा कायद्याने तो मृत्यूच असतो. तथापि व्हेंटिलेटर चालू असल्याने छाती वरखाली होत राहते, हृदयाचे ठोके पडत राहतात आणि अंग गरम लागते. समोर असे दिसत असताना ‘माणूस गेला आहे’ हे नातेवाइकांनी कसे मानावे? त्यांचा हा संशय अडाणीपणाचा नव्हे, आणि वक्त्याने तो हसण्यावारी नेऊ नये. कोमातील रुग्णाचा मेंदू जिवंत असतो व तो बरा होण्याची शक्यता असते, मेंदूमृत रुग्णाच्या बाबतीत ती उरत नाही, हा भेद शांतपणे, दोनदा सांगावा. हे एकट्या डॉक्टरच्या मतावर ठरत नाही, हेही स्पष्ट करावे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या कराव्या लागतात, व्हेंटिलेटर काढून श्वास आपोआप सुरू होतो का हे पाहावे लागते, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणीही त्या मंडळात असू शकत नाही. ‘अवयवांसाठी डॉक्टर माणसाला वाचवणारच नाहीत’ या भीतीवर याहून चांगले उत्तर नाही.

उरलेले प्रश्न ठरलेले असतात. पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईल का, देह अपुरा राहिला तर गती मिळेल का, असे विचारणाऱ्याशी शास्त्राचा वाद घालत बसू नये. गावातील कीर्तनकार महाराजांना आधी भेटून, विषय समजावून, त्यांनाच दोन शब्द बोलायला सांगावे. (दधीची ऋषींची कथा प्रत्येक वक्ता सांगतो, त्यामुळे ती एकदाच सांगितली जाईल एवढे पाहावे.) शस्त्रक्रियेनंतर देह टाके घालून, व्यवस्थित करून ताब्यात दिला जातो आणि सर्व अंत्यविधी नेहमीप्रमाणे करता येतात. मात्र संमतीनंतर मंडळाच्या तपासण्या, समन्वय आणि शस्त्रक्रिया यांत बराच वेळ जातो, तोवर दारात पै-पाहुणे जमलेले असतात. ही अडचण लपवू नये. दान करण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही, त्याबद्दल पैसेही मिळत नाहीत, आणि अवयवांची खरेदी-विक्री हा पाच ते दहा वर्षे कैदेचा गुन्हा आहे. अवयव कोणाला द्यायचा हे नातेवाईक किंवा डॉक्टर ठरवत नाहीत. आपल्या भागासाठी पुण्याचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, म्हणजे झेडटीसीसी, प्रतीक्षायादीनुसार ते ठरवते.

वेळ निवडताना घरातील निर्णय घेणारी माणसे गावात कधी असतात हे पाहावे. पाटण-जावळीतील माथाडी कामगार मुंबईत, खानापूर-आटपाडीतील गलाई (सोने-चांदी गाळण्याचे काम करणारे) व्यावसायिक देशभर, आणि कितीतरी घरांतील मुलगे सैन्यात. ही सगळी माणसे यात्रेला किंवा दिवाळीला गावी येतात. एखाद्या मंगळवारी दुपारी शाळेत व्याख्यान ठेवण्यापेक्षा यात्रेच्या आदल्या संध्याकाळी देवळासमोर तासभर मिळाला तर तो घ्यावा. नीरा ओलांडून माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण येथे मुक्कामी असते, तेव्हा माहितीचा कक्ष उभारता येतो. पण दर्शनाच्या घाईत असलेल्या वारकऱ्याच्या हाती फॉर्म देण्याऐवजी छोटे पत्रक द्यावे. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा बहुतेक वेळा गणेशोत्सवाच्या आगेमागे येतो, तर ३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिवस आहे, कारण १९९४ साली त्या दिवशी दिल्लीच्या एम्समध्ये मृत दात्याच्या हृदयाचे देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. वक्ता म्हणून रुग्णालयाचा प्रत्यारोपण समन्वयक मिळाला तर उत्तम, आणि मूत्रपिंड मिळालेला एखादा रुग्ण आपल्या बोलीत दहा मिनिटे बोलला तर त्याहून उत्तम. दाता आणि ग्राही यांची ओळख परस्परांना सांगितली जात नाही, म्हणून दोघांना एका मंचावर आणण्याचा अट्टहास टाळावा.

संकल्पाची नोंद आधार क्रमांकाच्या आधारे राष्ट्रीय संस्था ‘नोटो’च्या संकेतस्थळावर करता येते किंवा नमुना ७ हा छापील फॉर्म दोन साक्षीदारांच्या सह्यांनी भरता येतो. त्यांपैकी एक साक्षीदार जवळचा नातेवाईक असावा लागतो, आणि माझ्या मते या फॉर्मचा खरा उपयोग तिथेच आहे. सही आणायला माणसाला घरी जावेच लागते. म्हणून मंचावर घाईने सह्या घेण्यापेक्षा फॉर्म घरी नेऊ द्यावेत व आठवड्याने गोळा करावेत. कमी परत आले तरी चालतील. संकल्प कधीही मागे घेता येतो, हे सांगायला विसरू नये. शंकांसाठी नोटोचा १८०० ११ ४७७० हा निःशुल्क क्रमांक पत्रकावर छापावा.

पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या गावांनी अपघाती मृत्यूची बाजूही सांगावी. अशा प्रकरणात पोलिसांची कार्यवाही व शवविच्छेदन आवश्यक असते, तरीही अवयवदान करता येते. फक्त रुग्णालयाने पोलिसांना वेळेत कळवावे लागते. याच सभेत हेल्मेटविषयी बोलावे की नाही, यावर आयोजकांत मतभेद होतात. बोलावे, आणि आधी बोलावे; नाहीतर तरुणांच्या मरणाकडे अवयवांचा साठा म्हणून पाहिले जाते, असा समज व्हायला वेळ लागत नाही.

कार्यक्रमानंतर ग्रामपंचायतीच्या फलकावर जवळच्या नेत्रपेढीचा, प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि रात्री फोन उचलणाऱ्या दोन कार्यकर्त्यांचे क्रमांक रंगवून घ्यावेत, आणि दरवर्षी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी प्रत्येक क्रमांकावर फोन करून तो चालू आहे की नाही हे पाहावे. एखाद्या घराने दान केले तर सत्काराची घाई करू नये; तेरावा झाल्यावर घरच्यांना विचारावे, आणि त्यांनी नाव जाहीर करू नका म्हटले तर ते करू नये.