सकाळी अकराची मॉक ड्रिल आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणातल्या इतर चुका

चाकणच्या एका कारखान्यात मी पहिल्यांदा प्रशिक्षण द्यायला गेले, तेव्हा मॉक ड्रिल, म्हणजे संकटाची रंगीत तालीम, सकाळी अकराला ठरली होती. आदल्या दिवशी नोटीस लागलेली, चहा उरकलेला. हूटर वाजला तसे सगळे रांगेने असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे जमायच्या ठरलेल्या मोकळ्या जागी, आले. चार मिनिटांत प्लँट रिकामा. एचआरच्या मंडळींनी फोटो काढले, मस्टरवरून हजेरी घेतली, आकडा तंतोतंत जुळला आणि मी खूश. निघताना कँटीनवरून गेले तर आत दोन पोरं निवांत कांदा चिरत बसलेली. कंत्राटदाराची माणसं, मस्टरवर त्यांची नावंच नव्हती. हूटर ऐकला होता ना, विचारलं. "तो कंपनीवाल्यांचा असतो मॅडम," म्हणाली.

तेव्हापासून कुठलंही प्रशिक्षण मी एकाच प्रश्नावर तपासते: हे रात्री तीनला, त्या वेळी तिथे असलेल्या माणसांकडून होईल का? किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास झाला. पुण्यातला आंबिल ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री शहरात घुसला. आपली ड्रिल मात्र कायम कामाच्या दिवशी, अकराच्या ठोक्याला.

कोर्स निवडतानाची गफलत

दर जून-जुलैत मला फोन येतात. "ताई, डिझास्टर मॅनेजमेंटचा डिप्लोमा करतोय, नोकरी लागेल ना?" मी उलट विचारते, नोकरी कुठली हवी आहे? तिथे बहुतेक जण अडखळतात. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते, शिवाय मुळात विज्ञान किंवा इंजिनिअरिंगचं शिक्षण आणि अनुभव. "फायर, सेफ्टी अँड डिझास्टर" असं भरगच्च नाव असलेलं खासगी प्रमाणपत्र तिथे चालेलच असं नाही. पैसे भरण्याआधी ज्या पदावर डोळा आहे त्याची जाहिरात काढा आणि पात्रतेची ओळ शब्दशः वाचा. संस्थेच्या काउन्सेलरला विचारू नका, तो "हो" म्हणण्यासाठीच बसवलेला असतो.

अग्निशमन सेवेत अधिकारी व्हायचं असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय पाहा. धोरण, पुनर्वसन, स्वयंसेवी संस्थांचं काम यात रस असेल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारखा पदव्युत्तर मार्ग आहे. पुण्यात बाणेर रस्त्यावरच्या यशदामध्ये, म्हणजे राज्य शासनाच्या प्रशिक्षण संस्थेत, आपत्ती व्यवस्थापनाचं केंद्र आहे, पण तिथली प्रशिक्षणं मुख्यतः शासकीय अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी असतात. आणि पोटापाण्याचा प्रश्न नसेल, वस्तीत उपयोगी पडायचं असेल, तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या "आपदा मित्र" योजनेतलं बारा दिवसांचं प्रशिक्षण अनेक महागड्या कोर्सपेक्षा जास्त हाताला लागतं. त्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करायची. ऑनलाइन कोर्स वाईट नसतात. फक्त स्ट्रेचर उचलणं स्क्रीनवर येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पुण्यात बसून त्सुनामी

एका सोसायटीच्या वर्गात तयार स्लाइड्स आणलेल्या मी पाहिल्या आहेत. पहिला तास चक्रीवादळ, दुसरा त्सुनामी. सोसायटी सिंहगड रस्त्याला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. खडकवासला धरणातून नदीत सोडलेल्या पाण्याचा विसर्ग किती क्युसेक झाला की आपल्या पार्किंगमध्ये पाणी येतं, हे एकालाही सांगता आलं नाही. मुठेवरचा बुटका भिडे पूल पाण्याखाली गेला की पुणेकर फोटो काढायला जातो, पण तो आकडा आपल्या जिन्याशी जोडून पाहत नाही.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. जुलै २०२४ मध्ये विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला तेव्हा सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर पाणी मुठेत येत होतं आणि सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत लष्कराला बोलवावं लागलं. म्हणून नदीकाठच्या कुठल्याही प्रशिक्षणात पहिला धडा हा: मागच्या पुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं तिथे रंगाने रेघ मारा, त्या वेळचा विसर्ग शेजारी लिहा. त्याच्या निम्म्या आकड्याला गाड्या हलवायच्या, असं ठरवून टाका. नालाकाठी मात्र हे गणित चालत नाही. आंबिल ओढ्यासारखा ओढा कात्रजच्या डोंगरात पडलेल्या पावसाने फुगतो, धरणाच्या इशाऱ्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. तिथे वरच्या अंगाला राहणारं एखादं ओळखीचं घर आणि त्यांचा फोन, हीच तुमची यंत्रणा.

त्याच पुरात, २५ जुलै २०२४ ला, पुण्यातल्या पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना तीन तरुणांचा विजेच्या धक्क्याने जीव गेला. पुराच्या प्रशिक्षणात दोर, जॅकेट, बोट सगळं असतं. मेन स्विच कुठे आहे, तो कोण बंद करणार आणि पाणी कुठवर येण्याआधी, हे नसतं. ते आधी घाला.

जिल्ह्याच्या पश्चिमेला, मावळ, मुळशी, आंबेगावात, विषय वेगळा. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव कोसळलेल्या डोंगराखाली गेलं. तिथल्या गावात शिकवताना उताराला पडलेली नवी भेग, एकाएकी गढूळ झालेला झरा, कललेले खांब आणि झाडं यांवरच वेळ घालवावा. आणि "एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) येईल" हे वाक्य वर्गातून हद्दपार करावं. त्यांची पाचवी बटालियन आपल्याच जिल्ह्यात सुदुंबऱ्याला आहे, माणसं उत्तम आहेत, पण मुसळधार पावसात घाटरस्ता चढून येईपर्यंतचा वेळ गावाचाच असतो.

पदांचा तक्ता पाठ, माणूस गायब

राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१० मध्ये इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टीमची, म्हणजे आपत्तीत कोणी कुठलं काम सांभाळायचं याच्या रचनेची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. इन्सिडंट कमांडर, सेफ्टी ऑफिसर, ऑपरेशन्स, प्लॅनिंग, लॉजिस्टिक्स. परीक्षेत सगळ्यांना येतं. मग प्लँटमधला छापील तक्ता पाहा: इन्सिडंट कमांडर, प्लँट हेड. साहेब राहतात बाणेरला. रात्री आग लागली तर ते चाकणला पोहोचेपर्यंत पहिला तास गेलेला. या पदावर नाव नको, खुर्ची हवी: त्या क्षणी ड्युटीवर असलेला शिफ्ट इन्चार्ज. साहेब आले की त्यांनी तोंडी ताबा घ्यायचा आणि तसं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. दोन जण एकाच वेळी हुकूम सोडतात तेव्हा कामगार दोघांचंही ऐकत नाहीत.

भाषेचंही तेच. मी स्वतः एकदा सीपीआरचा (हृदय थांबलेल्याची छाती दाबून जीव वाचवण्याचा) अख्खा तास इंग्रजी स्लाइड्सवर रेटला. समोर बीडची, नांदेडची, ओडिशाची, बिहारची पोरं. माना डोलत होत्या. शेवटी एकाला पुढे बोलावलं तर त्याने सरावाच्या पुतळ्याच्या छातीऐवजी पोटावर हात ठेवला. चूक त्याची नव्हतीच.

हाताला वळण नसणं

सीपीआर: छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. हे आकडे तोंडपाठ असलेला माणूस दोन मिनिटांत दमतो आणि दाब उथळ पडायला लागतात, हे पुतळ्यावर केल्याशिवाय कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायची सवयही सोबतच लावायची.

अग्निशामक सिलिंडरचा गैरसमज त्याहून मोठा. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. मिनिटभर फवारत राहू अशा हिशेबाने लोक आगीसमोर उभे राहतात, आणि तेही दाराकडे पाठ न ठेवता. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सिलिंडरला प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, नसतो, तो वजन करून तपासतात. "काटा हिरव्यात आहे" अशी त्याच्या कार्डावर नोंद दिसली तर तपासणी झालेलीच नाही असं समजा. त्याचा कर्णा उघड्या हाताने धरू नका, गारठ्याने कातडी भाजते.

जखमी अनेक असतील तर नवशिका हमखास ओरडणाऱ्याकडे धावतो. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. कोणाला आधी उपचार हे रंगीत पट्ट्यांनी ठरवायचं, लाल सगळ्यात आधी. चालू शकणाऱ्यांना एका बाजूला बोलवा, ते हिरवे. उरलेल्यांपैकी श्वास मिनिटाला तीसच्या वर, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त, किंवा साधी सूचना पाळता न येणं, यातलं एकही असेल तर लाल. बाकीचे पिवळे. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नसेल तर काळा. हा काळा पट्टा बांधायला हात धजत नाही, आणि म्हणूनच त्याचा सराव लागतो.

पाण्यातल्या माणसासाठी क्रम पक्का करा: आधी काठी, मग दोर, मग होडी. उडी सगळ्यात शेवटी, आणि शिकलेल्यानेच.

ड्रिल फसली तर कुठे शोधाल

हूटर वाजला, लोक जागचे हलले नाहीत: बहुधा शिफ्ट बदलाचा भोंगा आणि धोक्याचा भोंगा सारखाच आहे. हजेरी जुळत नाही: गेटवरचं व्हिजिटर रजिस्टर, ड्रायव्हर आणि कंत्राटदारांची यादी असेंब्ली पॉइंटवर पोहोचलेली नसते, ती आणण्याचं काम सिक्युरिटीच्या ठरलेल्या माणसाला द्या. हजेरी फारच पटकन जुळली तर माझ्यासारखं खूश होऊ नका, कँटीन आणि टॉयलेट पाहून या.

हायड्रंटला, म्हणजे आग विझवण्याच्या नळाला, पाणी नाही, हे सोसायट्यांमध्ये वारंवार दिसतं. पंप खोलीत जा. निवडीचा स्विच "ऑटो"वरून "मॅन्युअल"वर कोणीतरी ठेवलेला असतो, कारण पाइपमधला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप गळतीमुळे सारखा चालू-बंद होत होता आणि वॉचमनला झोप येत नव्हती. ते नसेल तर डिझेल पंपाची बॅटरी बघा, मग व्हॉल्व्ह. महाराष्ट्रात परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत "फॉर्म बी", म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. कागद घेताना सचिवांनी एजन्सीच्या माणसासोबत गच्चीवर जाऊन वरच्या मजल्याचा हायड्रंट उघडायला लावावा. दोन मिनिटांचं काम आहे. मागच्या जुलैत एका सोसायटीत हे करायला लावलं तर होज पाइपच्या पेटीत पाइपऐवजी कोणाच्या तरी कुंड्या निघाल्या.